कंडेन्सर बदलणारा हात

"तुमच्या हाताला यश आहे हो!" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा सुरतेजवळच्या कोसाडच्या आमच्या वसाहतीतल्या एका बाईंनी नेमकं तेच केलं. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचा रेकॉर्ड प्लेअर मी हौसेनं दुरुस्त करून दिला होता. तो वाजायला लागल्यावर त्यांनी हात जोडले आणि हे वाक्य टाकलं. मी असा काही तडकलो की बिचाऱ्या चहा न घेताच गेल्या. बायको म्हणाली, "अहो, चांगलंच म्हणत होती ना ती? कौतुकही सोसत नाही का तुम्हाला?" नाही सोसत. हे एवढं कौतुक मला सोसत नाही. का ते बायकोला ठाऊक आहे, तुम्हाला नाही, म्हणून लिहायला बसलो. संपादकांनी पत्रात "आपल्या व्यवसायातले गमतीदार अनुभव" असं लिहिलं आहे. यात गंमत कितपत सापडेल ते तुम्हीच बघा.

मी सुखदेव तोताराम. वडील खानदेशातून सुरतेला आले ते रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला. आम्ही बौद्ध. उधन्याच्या एका चाळीत मी वाढलो. मॅट्रिक झाल्यावर वडील मला मिलमध्ये चिकटवणार होते, पण मी टपालानं येणारा रेडिओ मेकॅनिकचा कोर्स केला आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला भागळच्या बाजूला रतिलालशेठच्या दुकानात लागलो. रेडिओ विकणं, दुरुस्त करणं आणि लग्नाकार्याला लाऊडस्पीकर लावणं असा त्यांचा धंदा. दुरुस्तीच्या टेबलावर दोघंच. एक मी, आणि दुसरे ठाकोरभाई. ठाकोरभाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, अस्सल सुरती. म्हणजे वाक्याला एक शिवी, आणि तीही प्रेमानं. शेठला माझी जात माहीत होती. तरी त्यांनी मला घेतलं, आणि दुकानात पाण्याचं मडकं एकच होतं. हे त्यांच्या बाजूनं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल मी बरं बोलणार नाही.

आता कंडेन्सर म्हणजे काय ते सांगायला हवं. आजची मुलं त्याला कपॅसिटर म्हणतात. आमच्या वेळी अख्ख्या बाजारात तो कंडेन्सर. धातूच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्या मध्ये कागद, त्याची गुंडाळी करायची, मेणात बुडवायची आणि दोन्ही टोकांना एकेक तार काढायची. झाला कंडेन्सर. याचं काम दारावरच्या राखणदाराचं. आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि पाठीमागचा दोन-अडीचशे व्होल्टचा दाब अडवून धरायचा. कागद कोरडा आहे तोवर हे काम चोख चालतं. कागदाला ओल लागली की दाब झिरपायला लागतो. मग पुढच्या काचेच्या व्हॉल्व्हवर नको तेवढा भार येतो, आवाज घोगरा होतो, व्हॉल्व्ह आतून लाल दिसायला लागतो, आणि तरीही मालकानं रेडिओ बंद केला नाही तर ट्रान्सफॉर्मर जळून खोलीभर वास सुटतो.

जुन्या सेटमधला कंडेन्सर ओळखणं हीच खरी विद्या. त्यावर आकडा छापलेला असतो, पण उष्णतेनं मेण वितळून आकडा पुसला गेलेला असतो. मग तो कुठे बसलाय ते बघायचं. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये बसलाय, तर आवाज पुढे पाठवणारा. ट्रान्सफॉर्मरशेजारी ॲल्युमिनियमचा मोठा डबा असेल, तर तो वीज स्वच्छ करणारा. लाईनची तार आणि लोखंडी बॉडी यांच्या मध्ये बसलाय, तर तो घरघर मारणारा, आणि हा सगळ्यात घातकी. हा झिरपला की अख्खी बॉडी जिवंत होते, हात लावणाऱ्याला धक्का.

कच्चे मेकॅनिक मीटरनं कंडेन्सर तपासायचे, काटा हलून परत आला की "सारो छे", चांगला आहे, म्हणून मोकळे. अरे, मीटरच्या दीड व्होल्टच्या सेलवर कुठलाही आजारी कंडेन्सर धडधाकटच दिसणार! मी त्याचा एक पाय सोडवायचो, सेट चालू करायचो आणि सुटलेल्या पायावर किती दाब येतोय ते बघायचो. दाब आला तर तो गेलेला. मग नवा घालताना तेवढ्याच क्षमतेचा, आणि व्होल्ट सोसण्याची ताकद जुन्याहून थोडी जास्तच. डाग देताना राळ कमी, कथील कमी, तार आधी नीट वळवून घेतलेली. शेवटी खालचं झाकण लावायचं आणि चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या एका रेषेत ठेवायच्या. याचा वाजण्याशी काही संबंध नाही. ती माझी खोड. ठाकोरभाई त्यावरून माझी टर उडवायचे, "सुखदेव, रेडियोनी मांग काढे छे!" म्हणायचे, म्हणजे रेडिओचा भांग पाडतोय.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. बेगमपुऱ्यातला एक मागवाला रेडिओ घेऊन आला. त्यात सारखी घूं घूं. त्याची पक्की समजूत अशी की घरात बारा माग रात्रंदिवस चालतात, त्यांचा आवाज इतकी वर्षं रेडिओत साठत गेला, आणि आता पेटी भरली. "खाली करी आपो," म्हणाला. म्हणजे रिकामी करून द्या. मी डबा कंडेन्सर बदलला, घरघर गेली. त्यानं रेडिओ कानाला लावला, खूश झाला आणि जाताना विचारलं, "काढलेला आवाज कुठे टाकला?" मी गटाराकडे बोट दाखवलं. तो बिनबोभाट गेला. असल्या अडाणीपणाचा मला कधी राग आला नाही. त्यानं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं.

राग आणणारी माणसं चांगली शिकलेली आणि गोड बोलणारी होती.

आमच्या दुकानापासून पाच मिनिटांवरच्या एका शेरीत भजनमंडळ होतं. सुरतेत गल्लीला शेरी म्हणतात. मंडळाचा अँप्लिफायर होता, सहा व्हॉल्व्हचा, दणकट. मंडळाचे प्रमुख जमनादासकाका. तोंडात खडीसाखर ठेवून बोलल्यासारखं बोलायचे. पहिल्यांदा त्यांचा अँप्लिफायर मी उघडला तेव्हा आतले निम्मे कंडेन्सर मेण गाळून बसले होते. मी ते सगळे बदलले. दोन वर्षं, दोन नवरात्रं, यंत्र तक्रारीविना वाजलं. काका दुकानावरून जाताना थांबायचे. "आवो सुखदेवभाई, कधी घरी तर या," म्हणायचे. एकदा त्यांच्या घरचा रेडिओ बघायला गेलो तेव्हा गादीवर शेजारी बसवून घेतलं, स्वतःच्या हातानं सरबत दिलं. त्यांची नात हंसा मंडळात गरबा गायची. कॉलेजात जाणारी, आवाज असा खणखणीत की मायक्रोफोनची गरजच नव्हती. तिनं मला विचारलं होतं, "भाई, माझा आवाज यंत्रात जरा जाडा का येतो?" मी एक कंडेन्सर बदलून तो जाडेपणा काढून दिला. यंत्राबद्दल नीट प्रश्न विचारणारं माझ्या आयुष्यातलं हे पहिलं गिऱ्हाईक.

मग तिसऱ्या वर्षी जयंतीची मिरवणूक भागळवरून गेली. ट्रकवरच्या अँप्लिफायरपाशी मी बसलो होतो, कारण तो मीच लावलेला. वर निळा झेंडा, अंगात पांढरा सदरा. जमनादासकाका एका ओट्यावर उभे राहून बघत होते. मी त्यांना हात हलवला. त्यांनीही हलवला. मला काय कल्पना!

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत मंडळाचा अँप्लिफायर दुकानात आला. आवाज घोगरा. मी उघडून बघतो तर मीच घातलेला कंडेन्सर झिरपत होता. सुरतेची हवा दमट, तापीचं पाणी जवळ, समुद्रही लांब नाही. होतं असं. बदलला, पाठवला. आठ दिवसांत परत. यावेळी दुसरा गेलेला, आणि तारा जोडायच्या पट्टीवरच्या कथलाला हिरवट गंज. मी स्पिरिटनं सगळं पुसलं, त्या पट्टीवरचे तिन्ही कंडेन्सर बदलले, पाठवला. परत आला. मग काकांच्या घरचा रेडिओ आला, तोही मी दुरुस्त केल्यावर दहा दिवसांत बसला. त्याच शेरीतला आणखी एक आला. आणि मेख अशी की त्याच शेरीत ठाकोरभाईंनी दुरुस्त केलेले दोन रेडिओ सुरळीत वाजत होते. दुकान तेच, कंडेन्सर त्याच पुड्यातले, डाग देण्याची राळही एकच. फरक फक्त हाताचा.

काका दर वेळी शेठकडे येऊन अगदी मऊ आवाजात बोलायचे. "मुलगा चांगला आहे हो, पण..." एवढंच. ते "पण" शेठच्या डोक्यात बसलं.

मला वेड लागायची पाळी आली. मी मुंबईच्या मालाऐवजी दुसरीकडचे कंडेन्सर मागवले. प्रत्येक कंडेन्सर लावण्याआधी तीनशे व्होल्टवर अर्धा अर्धा तास धरून बघायला लागलो. दुकानातल्या बाकीच्या कामाला बसण्याआधी हात दोनदा साबणानं धुवायचो. जेवताना हाताच्या बोटांकडे बघत बसायचो, घामानं तर होत नसेल? माझ्या घामात काही खार असेल का? अहो, धडधाकट माणूस स्वतःच्या घामावर संशय घ्यायला लागतो, तेव्हा त्याचं काय झालेलं असतं ते सांगा मला!

आई बघत होती. एक दिवस ताट पुढ्यात ठेवून म्हणाली, "काय व्हयनं रे भाऊ?" मी सगळं सांगितलं. तिला कंडेन्सर काय कळणार? पण ती म्हणाली, "तुना हातमा खोट नई शे. खोट दुसरी कोठे तरी शे, ती धुंडी काढ." खोट तुझ्या हातात नाही, दुसरीकडे आहे, ती शोध. मेकॅनिकला यापेक्षा वेगळा सल्ला कुठला उस्ताद देणार होता? मी शोधायला लागलो.

चौथ्यांदा अँप्लिफायर आला तेव्हा मी आधी बाहेरून बघितला. खालच्या झाकणाच्या चार स्क्रूंपैकी दोहोंच्या खाचा आडव्या होत्या. म्हणजे माझ्यानंतर हे झाकण कुणीतरी उघडलं होतं. मंडळात पेचकस धरता येणारा कोण? कुणी नाही. मग उघडणार कोण? टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस. मला पाडून दाखवण्यात ज्याचा फायदा, तो. इथे माझी अक्कल गहाण पडली. मी सरळ ठाकोरभाईंना भर दुकानात विचारलं, "माझी कामं पाठीमागून कोण उघडतंय?"

त्यांना कळायला क्षणभर लागलं. कळल्यावर त्यांचा चेहरा काळा-निळा झाला. त्या वेळी त्यांच्या तोंडून एकही शिवी आली नाही, त्यावरूनच मी ओळखायला हवं होतं. ते एवढंच म्हणाले, "सुखदेव, तारा हाथमां जश नथी. माझ्यावर ढकलू नकोस." हाताला यश नाही. डॉक्टर-वैद्यांबद्दल लोक म्हणतात ना, तसं. औषध बरोबर, निदान बरोबर, पण हाताला यश नाही.

शेठनं ते उचलून धरलं. नवरात्र पंधरा दिवसांवर आलेलं. शेठ म्हणाले, "ही शेवटची खेप. यंत्र परत आलं तर तू टेबलावरून ऊठ. उद्यापासून भुंगळे घेऊन खांबावर चढायचं." भुंगळे म्हणजे लाऊडस्पीकरचे कर्णे. ते बांधायला कुणीही चालतो. कर्णे बांधणाऱ्याला मी कमी लेखत नाही, पण मी टेबलाचा माणूस होतो. टपालाच्या कोर्सची वह्या-पुस्तकं, वडिलांशी धरलेला हट्ट, सगळं त्या दोन हात रुंद टेबलासाठी होतं. ते टेबल सुटलं असतं तर सुरतेत दुसऱ्या कुठल्या दुकानानं मला टेबल दिलं असतं? यश नसलेला हात म्हणून ख्याती आधीच पोचली असती.

मी तो अँप्लिफायर नव्यानं बांधल्यासारखा दुरुस्त केला. कागदाचे सगळे कंडेन्सर काढून नवे घातले. दोन दिवस टेबलावर सतत वाजवला. बॉडीला दाब येतोय का ते दहा वेळा तपासलं, काटा शून्यावरून हलला नाही. मग झाकण लावलं, स्क्रू उभे केले आणि पाठवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेरीतून माणूस धावत आला. गरब्याचा सराव चालू होता. हंसानं लोखंडी मायक्रोफोन हातात धरला आणि फेकली गेली. आधीच चौक धुतलेला, फरशी ओली, ती अनवाणी. मायक्रोफोन हाताला चिकटून राहिला. कुणीतरी प्लग ओढला म्हणून वाचली.

शेठनं माझ्याकडे बघितलं. मी पिशवी उचलली आणि धावत सुटलो. ठाकोरभाई माझ्यामागून आले. का आले ते मी तेव्हा विचारलं नाही.

चौकात पंचवीस-तीस माणसं. हंसा पायरीवर बसलेली, चेहरा पांढराफटक, उजवी मूठ उघडत नव्हती. काका तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. मला बघून कुजबुज सुरू झाली. कुणीतरी ऐकू येईल अशा बेतानं म्हणालं, "हाच तो." मी कुणाकडे न बघता अँप्लिफायर चौकाच्या मध्ये ओढला, उलटा केला. चारही स्क्रू आडवेतिडवे. झाकण काढलं.

आत तुळशीचं पान होतं.

लाईनच्या तारेजवळ, पट्टीला चिकटलेलं, सुकून काळं पडत चाललेलं. त्याच्या आजूबाजूला पिवळट ओलावा. लाईन आणि बॉडी यांच्यामधला तो घातकी कंडेन्सर त्या ओलाव्यात निथळलेला. मी बोट लावून वास घेतला. गोमूत्र.

मी विचारलं, "काका, आत काय टाकलं?"

तुम्हाला वाटेल ते चपापले असतील. छे! त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. जेवण्याआधी हात धुतले असं सांगावं इतक्या सहज ते म्हणाले, "छांट तर घालावीच लागते ना, भाई. देवीपुढे वाजणारं यंत्र. पूर्वी माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट वेगळी. तारो हाथ अंदर गयो, तो छांट पण अंदर ज नाखवी पडे ने?"

तुझा हात आत गेला, तर शिंपडणंही आतच करायला नको का? बघा केवढं तर्कशुद्ध! वरवर शिंपडलं असतं तर यंत्र वाचलं असतं. पण माणूस कामाला पक्का. पेचकस आणून, झाकण उघडून, गंगाजळ आणि गोमूत्र तुळशीच्या डहाळीनं माझ्या प्रत्येक कंडेन्सरवर शिंपडत होता. आधीच्या चार वेळा थोडंथोडं, आणि या वेळी देवीचं नवरात्र म्हणून भरपूर. घरचे रेडिओ तसेच. ठाकोरभाईंच्या रेडिओंवर थेंब नाही. सहा महिने मी माझ्या घामावर संशय घेत होतो, आणि हा गृहस्थ रोज दुकानावरून जाताना मला "केम छो सुखदेवभाई" म्हणत होता.

आणि त्या चौकातल्या एकाही माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तोंडं बघत होतो ना! यंत्रात पाणी गेलं याचं त्यांना वाईट वाटलं, बस्स. एका बाईनं तर विचारलं, "मग सुकं काही शिंपडलं तर चालेल का?"

मी म्हणालो, "काका, पोरीला माझ्या हातानं धक्का बसला नाही. तुमच्या हातानं बसला. आज ती गेली असती." आवाज चढला होता माझा. बोलायचं अजून पुष्कळ होतं. दोन वर्षं ज्या हाताचं चाललं, जो हात तुमच्या गादीवर सरबताचा पेला धरून बसला होता, तो एका मिरवणुकीत बाटला कसा, हे विचारायचं होतं. पण मी खाली वाकून झाकणाचे स्क्रू गोळा करायला लागलो. ठाकोरभाईंनी मात्र तोंड सोडलं. त्यांचं ते सुरती भांडार त्यांनी त्या चौकात, देवीच्या मांडवात, काकांच्या वयाची पर्वा न करता मोकळं केलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल." मी ज्यांच्यावर आळ घेतला होता ते हेच. त्यांची माफी मागताना मी रस्त्यावर रडलो.

आता शेठचा न्याय ऐका. मला वाटलं, खोट सापडली, आता माझी मान ताठ. शेठनं सगळं ऐकून घेतलं, पाच मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "टेबल तुझंच. तू नाही उठायचं. फक्त त्या शेरीचं काम तू कर, आणि कामाच्या चिठ्ठीवर नाव ठाकोरभाईंचं लिहू. त्यांनाही समाधान, यंत्रही नीट. कशाला वाद?" म्हणजे हात माझा चालेल, तो दिसता कामा नये.

आणि मी हो म्हटलं. हो, म्हटलं! आज इतक्या वर्षांनी इथे लिहितानाही कान तापतात. टेबल वाचलं या आनंदात मी मान डोलावली. ठाकोरभाई "हे माझ्याच्यानं होणार नाही" म्हणत होते, मीच त्यांना गप्प केलं.

मी तो अँप्लिफायर परत धुऊन-पुसून उभा केला. या खेपेला ॲल्युमिनियमचा मोठा डबा कंडेन्सरही बदलला. त्यात एक युक्ती असते. जुना डबा फेकायचा नाही. तळाशी कापून आतला गाळ काढायचा, नवा छोटा कंडेन्सर आत बसवायचा आणि डबा पुन्हा बंद करायचा, म्हणजे वरून यंत्र मूळचंच दिसतं. डबा बंद करण्याआधी मी एक चिठ्ठी लिहिली, गुजरातीत, आणि घडी करून आत सरकवली. मग डबा बंद केला. तेवढाच माझा पराक्रम.

त्यानंतर त्या शेरीतून तक्रार म्हणून आली नाही. "ठाकोरभाईंच्या हाताला काय यश आहे!" असं काका दुकानात येऊन सांगायचे, मी समोर बसलेला असताना. नवरात्र संपल्यावर मंडळानं ठाकोरभाईंना नारळ आणि शाल दिली. त्यांनी ती शाल कधी पांघरली नाही. नारळ माझ्या टेबलावर आणून फोडला, अर्धी वाटी मला दिली, अर्धी स्वतः घेतली. दोघांनी तिथेच बसून खाल्ली.

सत्तरच्या दशकात मी शेठचं दुकान सोडून उधन्याला स्वतःचं टाकलं. पाटीवर माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, वितीएवढ्या अक्षरांत रंगवून घेतलं. एक दिवस दुपारी रिक्षा थांबली आणि तोच अँप्लिफायर उतरला. बरोबर हंसा. लग्न होऊन दोन मुलांची आई झालेली, पण मंडळाचं गाणं तिच्याकडेच. काका थकून अंथरुणाला लागलेले. यंत्र आता घरघरत होतं. ती म्हणाली, "ठाकोरभाईंकडे नेलं होतं. त्यांना आता दिसत नाही. ते म्हणाले, हे काम कधीच माझं नव्हतं, ज्याचं आहे तो उधन्याला बसतो, त्याच्याकडे ने."

मी डबा कापला. चिठ्ठी निघाली, तेलकट झालेली, पण अक्षर शाबूत. मी तिच्या हातात दिली. ती मोठ्यानं वाचायला लागली, गरब्याची ओळ म्हणावी तशी, आणि मध्येच थांबली. चिठ्ठीत लिहिलं होतं, "हे काम सुखदेव तोतारामनं केलं आहे. यात पाणी शिंपडू नये."

तिनं उजव्या तळहाताकडे बघितलं. मग चिठ्ठी माझ्याकडे देत म्हणाली, "ही परत आत नका ठेवू. बाहेर लिहा. समोर लिहा, सगळ्यांना दिसेल असं." नंबर टाकायचा पांढरा रंग आणि कुंचला टेबलावर होता, तो तिनंच माझ्या हातात दिला. मी यंत्राच्या पुढच्या पट्टीवर, बटणांच्या वर, नाव रंगवलं. माझं अक्षर बरं आहे. ते वाळेपर्यंत ती थांबली, मग यंत्र घेऊन गेली.

चिठ्ठी मात्र मी नवा कंडेन्सर बसवताना तिच्या नकळत पुन्हा डब्यात घातली होती. अनुभव असतो माणसाला.

त्या नवरात्रात संध्याकाळच्या आरतीला मी मुद्दाम त्या शेरीत गेलो. मांडवाबाहेर उभा राहिलो. अँप्लिफायर टेबलावर ठेवलेला, हार घातलेला. पट्टी कोरी. रॉकेल लावून खरवडलेली असावी, कारण नावाबरोबर मूळचा करडा रंगही निघून खालचं लोखंड चमकत होतं. हंसा मायक्रोफोनपाशी उभी होती. तिनं मला पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, शेजारी बसलेल्या माणसांकडे बघितलं, आणि मग खाली मान घालून आरती सुरू केली. तिचा मला राग नाही आला. मी तरी शेठपुढे काय वेगळं केलं होतं?

आवाज मात्र असा लखलखीत येत होता! घरघर नाही, जाडेपणा नाही, शेवटच्या ओळीपर्यंत स्वच्छ. माझ्या पुढे उभा असलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "मशीन सरस वागे छे, छान वाजतंय. ज्यानं कुणी बनवलं, त्याच्या हाताला यश आहे."

म्हणून सांगतो, माझ्याकडून काही दुरुस्त करून घेतलंत तर माझ्या हाताचं कौतुक करू नका. हाताचं पुष्कळ झालं. मला नाव आहे. ते घ्या.